खुंटीवरच्या दोन बंदुका

गेल्या महिन्यात आमच्या दिमोना गावातील एका वयोवृद्ध भगिनीच्या निधनास तीस दिवस पूर्ण झाले आणि तिच्या मुलांनी घर मोकळे करावयास घेतले. मी भेटीस गेलो तेव्हा खाली रस्त्यावर ‘आल्टे झाखेन, आल्टे झाखेन’ अशी आरोळी देत फिरणाऱ्या जुन्या सामानवाल्याचा टेम्पो उभा होता. शब्द यिद्दिश भाषेतले, आरोळी देणारा बहुधा अरब, आणि ती ऐकून जिना उतरणारा पुष्कळदा कोकणातला. या देशाची ही एक गंमतच आहे. त्या टेम्पोत पितळेचे घंगाळ चढले, पायाने चालवावयाचे शिवणयंत्र चढले आणि सर्वांत शेवटी दोघांनी मिळून उचललेला पाटा चढला. वरवंटा वरच राहिला होता, तो थोरल्या मुलाने धावत जाऊन आणून दिला. “काका, एका दिवसात सगळे आटोपले,” असे तो मला मोठ्या समाधानाने म्हणाला.

मी त्याला काही बोललो नाही. बोलण्याचा मला अधिकार नव्हता. १९७० साली मुंबई सोडताना मीही असेच एका दिवसात सगळे आटोपले होते, आणि त्या सगळ्यात माझ्या वडिलांच्या दोन छऱ्याच्या बंदुका होत्या.

हा विषय काही वाचकांस क्षुल्लक वाटेल. आपण मागे टाकून आलेल्या गोष्टींची यादी करावयाची झाली तर नारळीपोफळीच्या वाड्या, पूर्वजांच्या कबरी, प्रार्थनामंदिरे, भाषा, शेजार असे कितीतरी मोठे रकाने भरतील. त्यात हवेच्या दाबाने शिशाचा मणी फेकणाऱ्या दोन खेळण्यांना जागा ती कोणती? मलाही पुष्कळ वर्षे असेच वाटत असे. तथापि मोठ्या गोष्टी आपण विकल्या नाहीत; त्या सुटल्या. विकल्या त्या लहान गोष्टी, आपल्या हाताने, भाव ठरवून. म्हणून पश्चात्तापही त्यांचाच होतो, आणि त्याविषयीच मला दोन शब्द लिहावयाचे आहेत.

आमच्या माझगावच्या खोलीत दाराच्या मागे दोन खुंट्या होत्या. वरच्या खुंटीवर थोरली बंदूक, खालच्या खुंटीवर धाकटी. थोरली बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीची होती. ही मूळची लष्करी बंदुका तयार करणारी कंपनी. १९०५ सालापासून १९३९ पर्यंत तिने लिंकन जेफ्रीज या गृहस्थांच्या पेटंटावरून हवेच्या बंदुका बनविल्या. तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्याची तिची मुद्रा पोलादावर कोरलेली होती, आणि लहानपणी मी बोटाने ती चाचपून पाहत असे. बाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. १९४७ साली तेथील एक इंग्रज फोरमन विलायतेस परत जाऊ लागला, तेव्हा त्याने आपले सामान विकावयास काढले, आणि बाबांनी ती बंदूक पंचेचाळीस रुपयांस घेतली. म्हणजे ती आमच्या घरात आली तीसुद्धा देश सोडून जाणाऱ्या एका माणसाने विकली म्हणून. हे ध्यानात यायला मला पन्नास वर्षे लागली.

धाकटी बंदूक जर्मन बनावटीची, डायना. ती १९५६ साली माझ्या बार मित्स्वाच्या निमित्ताने फोर्टातील एका दुकानातून नवी कोरी आणली गेली. डायना ही रोमन लोकांची शिकारीची देवी. कंपनीच्या मुद्रेत ती धनुष्यबाण टाकून देऊन हवेची बंदूक उंच धरून उभी असलेली दाखविली आहे. बार मित्स्वाची भेट म्हणून घरात देवीची मूर्ती आली, हे आमच्या आजीच्या लक्षात येण्यास दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तिने त्या मुद्रेवर औषधाच्या पेटीतली चिकटपट्टी लावून टाकली. बाबांनी पट्टी काढली नाही. कडा उचलल्या की नवी लावीत. या देवीचेही भाग्य पाहा. दुसऱ्या महायुद्धानंतर रास्टाट गावच्या त्या कारखान्यातील यंत्रे स्कॉटलंडमधील एका कंपनीकडे गेली आणि ब्रिटनमध्ये डायना हे नाव वापरण्याचा हक्कही तिच्याकडेच गेला. ज्यांनी ते नाव ठेवले त्यांना आपला माल तेथे दुसऱ्याच नावाने विकावा लागला, आणि स्वतःचे नाव परत मिळावयास १९८४ साल उजाडले. असो.

ज्यांनी अशी बंदूक कधी हाती धरली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. हिच्यात दारू नसते. एक जाड स्प्रिंग, तिच्यापुढे एक दट्ट्या आणि दट्ट्याच्या तोंडाशी चामड्याचा वॉशर, एवढाच सारा संसार. थोरलीच्या नळीखाली एक दांडा होता. तो खाली ओढला की दट्ट्या मागे सरे, स्प्रिंग दबे आणि एक दात खटकन् अडके. मग नळीच्या मागच्या अंगाला असलेली तोटी फिरवून तिच्या भोकात छर्रा टाकावयाचा आणि तोटी बंद करावयाची. धाकटीत हे काम नळीच मध्यावर मोडून होई. चाप ओढला की दट्ट्या पुढे झेप घेई आणि त्याच्यापुढे कोंडलेली हवा छऱ्याला बाहेर ढकली. सगळे कौशल्य त्या चामड्याच्या वॉशरमध्ये. तो सुकला तर हवा निसटते आणि छर्रा दहा पावलांवर मान टाकतो. त्याला तेल जास्त झाले तर ते तेल आतल्या आत पेटते, बंदूक फटाक्यासारखी वाजते, नळीतून धूर निघतो आणि स्प्रिंगेचे आयुष्य कमी होते. बाबांचे माप दोन थेंबांचे होते. महिन्यातून एकदा, रविवारी, वर्तमानपत्र पसरून ते दोन्ही बंदुका उघडीत, आणि वॉशर निकामी झाला असेल तर जुन्या पट्ट्याच्या चामड्यातून नवा कापून, तेलात भिजवून, स्वतः घडविलेल्या साच्यात दाबून ठेवीत. त्या दिवशी खोलीत तेलाचा आणि चामड्याचा जो वास पसरे तो माझ्या लेखी रविवारचा वास होता.

नियम फार कडक. भरलेली असो वा रिकामी, नळी माणसाकडे वळता कामा नये. स्प्रिंग दाबून बंदूक ठेवून द्यावयाची नाही. छऱ्यावाचून चाप ओढावयाचा नाही, कारण पुढे अडवणारे काही नसले की दट्ट्या आपटतो. शब्बाथच्या दिवशी खुंटीकडे बघावयाचेही नाही. आणि सर्वांत मोठा नियम, जिवंत प्राण्यावर नेम धरावयाचा नाही.

हा शेवटचा नियम मी मोडला. दरवर्षी मे महिन्यात आम्ही भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरून पुढे चौलच्या वाडीत जात असू. तेथे बंदुकीला खरे काम असे. वानरांची टोळी कोवळ्या नारळांवर आणि आंब्यावर तुटून पडे, तेव्हा बाबा झाडाला टांगलेल्या रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर छर्रा मारीत. त्या आवाजाने टोळी निघून जाई. एरवी आम्ही सुतळीला करवंटी बांधून तिच्यावर नेम धरीत असू. १९५७ च्या मे महिन्यात, चौदाव्या वर्षी, मी एकटा असताना पिंपळावरच्या हरियालावर नेम धरला. तो हिरवा पक्षी इतका अलगद खाली आला की मला प्रथम वाटले तो स्वतःच उतरला.

बाबांनी मला मारले नाही, ओरडलेही नाहीत. त्यांनी ते पाखरू माझ्या तळहातावर ठेवले आणि विचारले, “आता हे काय करणार?” मी म्हणालो, आईला देतो. ते म्हणाले, “सुरीने रीतीप्रमाणे कापलेले नाही. आपल्याला हे चालत नाही. शेजारी देशील तर तू शेजाऱ्यासाठी मारले नव्हतेस. मग कोणासाठी मारलेस?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यांनी मला कुदळ दिली आणि पोफळीच्या बुंध्याशी खड्डा खणावयास लावला. त्यानंतर वर्षभर धाकटी बंदूक खुंटीवरून उतरली नाही. महिन्याच्या रविवारी ते मात्र तिला तेल देत आणि मला समोर बसवून पाहावयास लावीत.

पुढे मी वाचले की अठराव्या शतकात प्रागचे रब्बी यहेज्केल लांडाऊ यांना कोणी विचारले होते की मोठ्या जमिनीच्या मालकाने हौसेखातर शिकार करावी काय, आणि त्यांनी उत्तर दिले होते की तोरामध्ये शिकारी म्हणून निम्रोद आणि एसाव यांच्याच गोष्टी येतात. अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्या संततीचा हा मार्ग नव्हे. माझ्या वडिलांनी रब्बी लांडाऊंचे नावही ऐकले नव्हते. ते मराठी चौथीपर्यंत शिकलेले फिटर होते. तथापि निर्णय दोघांचा एकच होता, आणि तो निर्णय देण्यासाठी बाबांना बंदुकीची आवश्यकता होती. घरात बंदूकच नसती तर हा धडा त्यांनी मला कोणत्या वस्तूवरून दिला असता, हे मला सांगता येत नाही. भारतात १९७२ साली वन्य जीव संरक्षणाचा कायदा झाला आणि आज हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. आमच्या घरात तो कायदा पंधरा वर्षे आधीच लागू झाला होता.

आता विक्रीची हकीगत. १९६४ साली क्नेसेथने बेने इस्राएल लोक सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे निःसंदिग्ध जाहीर करीपर्यंत बाबांनी इकडे येण्याचे नावही घरात काढू दिले नव्हते. त्यानंतर हळूहळू मन वळले आणि १९७० साली जाण्याचे निश्चित झाले. सामानाला मर्यादा होती. जे इस्राएलात मिळणार नाही ते न्यावे आणि जे तेथे निरुपयोगी ते विकावे, असे जाणकार मंडळी सांगत. स्टेनलेस स्टीलची भांडी, प्रेशर कुकर, पुरणयंत्र, नारळाची विळी ही नेण्याच्या यादीत. बंदुका साहजिकच विकण्याच्या यादीत. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो, नुकतेच लग्न झाले होते, आणि घरातील कर्ता पुरुष आता आपणच असे मला वाटू लागले होते.

बाबा चौलला गेले होते. आजोबा-आजीच्या कबरींवर शेवटचे जाऊन यावे आणि सागावजवळच्या खंडाळ्यास एलियाहू हन्नाबीच्या खडकापाशी मलिदा करावा, असा त्यांचा बेत होता. ते चार दिवस नव्हते. त्या चार दिवसांत, तिसऱ्या दिवशी, मी दोन्ही बंदुका आमच्या गल्लीतील एका पारशी सद्गृहस्थांना नव्वद रुपयांस दिल्या. ते भले गृहस्थ होते, त्यांनी मला दोनदा विचारले, “बावाजीला विचारलंस ना?” मी होय म्हणालो.

त्या नव्वद रुपयांत थोडी भर घालून प्रेशर कुकर आला. तो कुकर या देशात तीस वर्षे चालला. माझ्या पत्नीचे म्हणणे असे की सौदा उत्तम झाला, कारण बंदुकीने कधी भात शिजला नसता. व्यवहार म्हणून पाहिले तर तिच्या बोलण्यात यत्किंचितही चूक नाही, आणि ज्या अर्थी त्या कुकरचा भात मी तीस वर्षे खाल्ला त्या अर्थी तक्रार करण्यास मला तोंडही नाही.

बाबा परत आले, दाराआड सदरा अडकवावयास गेले आणि रिकाम्या खुंट्या पाहून थांबले. मी मनाशी उत्तरे तयार ठेवली होती: सामानाचे वजन, परदेशी बंदूक नेण्याच्या परवानग्या, तेथे वानर नाहीत की वाडी नाही. त्यांनी त्यांतला एकही प्रश्न विचारला नाही. एवढेच म्हणाले, “दोन थेंबांचं सांगितलंस का त्यांना?”

मी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः त्या पारशी गृहस्थांकडे जाऊन सांगून आले. त्यानंतर तेवीस वर्षे ते जगले आणि त्या बंदुकांचा शब्द त्यांनी माझ्यापाशी पुन्हा काढला नाही. त्यांनी एकदा तरी मला दोष द्यावयास हवा होता, म्हणजे मला वाद तरी घालता आला असता.

येथे कोणी म्हणेल की हे सारे भावनेचे झाले. त्या बंदुका आणल्या असत्या तरी दिमोनाच्या तीन खोल्यांच्या घरात त्यांचे काय झाले असते? हा प्रश्न योग्य आहे आणि मी तो टाळू इच्छीत नाही. परवानगीची खटपट करावी लागली असती, कदाचित ती मिळालीही नसती. येथे वाळवंटात करवंटी टांगावयाची कोठे? मी त्या आणावयास हव्या होत्या असे माझे म्हणणेच नाही. विकणे चूक नव्हते. मी ज्या रीतीने विकल्या ती रीत चूक होती. वस्तू कोणाची आहे, तिच्यात कोणाचे किती रविवार गेले आहेत, ती कोणाच्या हाती गेली तर तिचे मालकाला बरे वाटेल, यांतले काहीही न विचारता मी फक्त दोन प्रश्न विचारले: उपयोग काय, आणि किंमत किती? या दोन प्रश्नांवर घर चालते, हे खरे. पण माणूस मागे काय ठेवून गेला हे त्या प्रश्नांना कळत नाही. बाबांना मी चार दिवस थांबून विचारले असते, तर मला खात्री आहे, त्यांनी स्वतःच त्या विकल्या असत्या. कदाचित वाडी राखणाऱ्या कोळी कुटुंबाला एक देऊन टाकली असती. विकण्याचा तो हक्क त्यांचा होता आणि मी तो घेतला.

किमतीचेही पाहावे. त्या काळच्या बी.एस.ए. बंदुका जमविणारे हौशी लोक आज इंग्लंडात पुष्कळ आहेत आणि चांगल्या स्थितीतील बंदुकीला ते मोठे मोल देतात. १९८६ साली ती कंपनीच एका स्पॅनिश कंपनीने विकत घेतली, त्यामुळे जुन्या मालाला अधिकच मान आला. पण खरे सांगावयाचे तर त्या वाढलेल्या किमतीचे मला कधीच दुःख झाले नाही. ज्याला त्याचे दुःख होते त्याने वस्तू विकली नव्हती, फक्त लवकर विकली होती; त्याचा पश्चात्ताप निराळा.

माझा पश्चात्ताप खरा जागा झाला तो १९९० साली. माझा मुलगा सैन्यात भरती होऊन पहिल्याच रजेवर शुक्रवारी दुपारी घरी आला तो खांद्यावर एम-१६ घेऊन. आपल्यापैकी ज्यांची मुले-मुली सैन्यात गेली त्यांना हे दृश्य नवीन नाही. स्वयंपाकघरात मेणबत्त्यांची तयारी चाललेली आणि कोचावर काळी रायफल पडलेली. बाबा तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. ते काठी टेकीत आले आणि नातवाला मराठीत म्हणाले, “नळी भिंतीकडे कर.” मुलगा हसला; म्हणाला, आजोबा, आम्हाला हे शिकविले आहे. त्याने मॅगझीन काढून, आतून रिकामी करून, दोनदा तपासून ती त्यांच्या हाती दिली. बाबांनी ती खांद्याला लावली, खिडकीबाहेरच्या टाकीवर माशी जुळविली आणि परत देताना म्हणाले, “दस्ता जरा आखूड आहे.” मग दोघे बराच वेळ बोलत बसले. मुलाला त्यांनी दट्ट्या, वॉशर, तोटी हे सारे हातवारे करून समजावून सांगितले. हरियालाची गोष्टही सांगितली. पाखरू मारणारा मुलगा कोण हे मात्र सांगितले नाही. मी दारात उभा होतो. त्या क्षणी ती जुनी बंदूक घरात असती तर बाबांना हातवारे करावे लागले नसते, एवढेच मला वाटले. ज्या मुलाच्या हाती अठराव्या वर्षी खरे शस्त्र येते त्याला, शस्त्राला दोन थेंब तेल देऊन वर्षभर खुंटीवर टांगून ठेवणारा माणूस कसा असतो, हे दाखविण्याचे एकमेव साधन मी नव्वद रुपयांस विकले होते.

बाबा १९९३ साली गेले. १९९८ साली मी मुंबईस गेलो तेव्हा माझगावला त्या पारशी गृहस्थांचे घर शोधून काढले. तेही हयात नव्हते. त्यांच्या पुतण्याने मोठ्या अगत्याने चहा दिला. थोरली बंदूक स्प्रिंग तुटल्यावर भंगारात गेली होती. धाकटी मात्र डहाणूला त्यांच्या नातलगांच्या चिकूच्या वाडीत आहे, असे तो म्हणाला. वटवाघळे हाकलावयास वापरतात. “तिच्यावर काहीतरी पट्टी चिकटवलेली होती, तीच ना?” असे त्याने आपण होऊन विचारले. माझ्या हाती अजून चार दिवस होते आणि डहाणू म्हणजे लोकल आणि शटलने अर्ध्या दिवसाचा प्रवास. मी गेलो नाही. पत्नीस बाजारहाट करावयाचा होता, नातलगांकडे जेवणाची आमंत्रणे होती, ही कारणे मी तेव्हा दिली. खरे कारण असे की कोणाच्या तरी हातात ती पाहून परत ठेवून यावे लागेल, याची मला भीती वाटली. तेही आता राहून गेले.

तेव्हा, वाचकबंधुभगिनींनो, माझे सांगणे थोडके आहे. आपल्यातील पन्नास-साठच्या दशकांत आलेली पिढी बहुतेक गेली. सत्तरच्या दशकातील आम्ही निघण्याच्या तयारीत आहोत. लोद, रामले, अश्दोद, बेअर शेवा, दिमोना, येथील घरे एकामागून एक रिकामी होत आहेत. कोचीनच्या बांधवांच्या कडवुंभागम सिनेगॉगचे लाकूडकाम जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये उभे आहे, याचा मला आनंद वाटतो. पण आपला पाटा-वरवंटा, घंगाळ, शिवणयंत्र कोणतेही म्युझियम घेणार नाही, आणि प्रत्येक घराने आपलेच म्युझियम करावे असेही मला म्हणावयाचे नाही. तीन खोल्यांत माणसांनी राहावयाचे की वस्तूंनी? विका, द्या, टाका. पण आई-वडील बोलते आहेत तोवर त्यांच्यासमोर बसून एकेका वस्तूवर हात ठेवून विचारा, ही कोठून आली, कोणी वापरली, हिला काय लागते. उत्तर मराठीत येईल. ते समजत नसेल तर समजणाऱ्या कोणाला शेजारी बसवा. वहीत लिहून ठेवा, किंवा आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, त्यात आवाज धरून ठेवा. मग खुशाल सामानवाल्याला हाक मारा, आणि वस्तू देताना त्यालाही तिचे दोन शब्द सांगा. तो हसला तर हसू द्या.

विशेषतः घरातील पुरुषांच्या वस्तूंकडे लक्ष द्यावे अशी माझी सूचना आहे. आईच्या विळीला, खवणीला, मलिद्याच्या ताटाला थोडाफार मान मिळतो. मुली त्या मागून नेतात. बापाचा पान्ना, कानस, हजामतीची पेटी, शिकवणीचा फळा, गवंड्याचा ओळंबा, यांना कोणी विचारीत नाही. आपले वाडवडील तेलाचे घाणे चालवीत. ‘शनवार तेली’ म्हणून आपली ओळख होती. त्या घाण्यांपैकी एखाद्याची लाट तरी कोणाच्या घरी आहे काय? तीही अशीच एका दिवसात आटोपली गेली असणार.

अलीकडे दूरदर्शनवर ऑलिंपिकमधील नेमबाजी पाहतो. हवेच्या बंदुकीची स्पर्धा १९८४ पासून तेथे आहे. दहा मीटरवर अर्ध्या मिलिमीटरचा मध्यबिंदू, म्हणजे टाचणीच्या डोक्याहून लहान. २००० साली मुंबईच्या अंजली भागवत अंतिम फेरीत पोचल्या आणि २००८ साली अभिनव बिंद्रा यांनी सुवर्णपदक मिळविले, तेव्हा मी एकटाच टाळ्या वाजवीत होतो. त्या बंदुका आता निराळ्या, त्यांत स्प्रिंग नाही की चामड्याचा वॉशर नाही.

चामड्याचे वॉशर आमच्याकडे आहेत. बाबा गेल्यावर त्यांच्या पत्र्याच्या पेटीत, पासपोर्टाच्या खाली, मेणकागदात गुंडाळलेले तीन निघाले. नवे, कधी न वापरलेले, थोरल्या बंदुकीच्या मापाचे. बंदूक विकली गेल्यावर त्यांनी ते पारशी गृहस्थांना का दिले नाहीत आणि इतक्या लांब का आणले, हे विचारावयास आता कोणी नाही. दरवर्षी पेसाहच्या आधी घर झाडून काढताना ती पुडी हातात येते आणि पत्नी विचारते, हे ठेवावयाचे की टाकावयाचे? मी तिला तेलाची बाटली आणावयास सांगतो. या वर्षी धाकटा नातू शेजारी उभा होता. त्याला मराठी समजते, बोलता येत नाही. प्रत्येकाला किती थेंब, असे त्याने हिब्रूत विचारले, आणि मी त्याला मराठीत सांगितले.